अल्पवयी मुलांचे हातीं ट्रॅक्टर

सातबाराच्या उताऱ्यांत 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. महसूल खात्यांत कारकुनी करितांना या रकान्यांतील नोंदी लिहिण्यांत व तपासण्यांत प्रस्तुत लेखकाचीं बहुतेक वर्षें गेलीं. सोसायटीचें पीककर्ज, बँकेचें विहिरीचें कर्ज, कोठें कुळाचें नांव, कोठें बहिणींचा हक्क, कोठें सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी, अशाच नोंदी तेथें असावयाच्या. आणि त्या वाचून शेतकऱ्याच्या घरची अर्धी हकीकत आम्हां कारकुनांस त्याच्या घरीं न जातां कळावयाची. परंतु नोकरीच्या अखेरीस एका निराळ्याच प्रकारच्या बोजाचा कागद माझ्या टेबलावर आला, आणि त्यानें मला जें शिकविलें तें या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवावें असें तेव्हांपासून मनांत होतें. तालुक्याचें व कुटुंबाचें नांव मी सांगत नाहीं. तें सांगण्याचें कारणहि नाहीं.

तो कागद म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा वसुलीचा दाखला होता. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम १७४ अन्वयें, निवाड्याप्रमाणें देणें असलेली रक्कम भरली गेली नाहीं, तर हक्कदाराच्या अर्जावरून न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवूं शकतें, व मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल केली जाते. जमीन महसुलाची थकबाकी या शब्दांचा अर्थ आमच्या वाचकांस निराळा सांगावयास नको. आधीं मागणीची नोटीस, मग जंगम मालाची जप्ती, मग जमिनीची जप्ती, जाहीरनामा व लिलाव. सदरहू दाखल्यांत रक्कम व्याजासुद्धां सुमारें तेवीस लाख रुपये होती. आणि देणेकरी म्हणून ज्याचें नांव होतें तो कालव्याखालीं पावणेसहा एकर जमीन असलेला, सोसायटीचें कर्ज दरसाल वेळेवर फेडणारा, कोणाच्या अध्यांतमध्यांत नसणारा एक सरळमार्गी शेतकरी होता. त्यानें कोणाचें कांहीं घेतलें नव्हतें. त्यानें आपल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हातीं ट्रॅक्टरची किल्ली दिली होती.

निवाड्याची नकल दाखल्यासोबत होती, तींतून हकीकत कळली ती अशी. जानेवारी २०२० चे दिवस. उंसाचा हंगाम ऐन भरांत. घरचा पगारी ड्रायव्हर तापानें अंथरुणास खिळलेला. फडांत टोळी खोळंबलेली, ट्रॉली भरून उभी, आणि तोडलेला ऊंस जितका पडून राहील तितका वजनांत घटत जाणार. मुलगा अकरावींत शिकत होता. शेतांत तो दोन वर्षें नांगर व रोटाव्हेटर चालवीत होता, आणि चालवीत होता तोहि चांगला. 'सात-आठ किलोमीटर तर जावयाचें, रस्ता सरळ आहे,' असें म्हणून बापानें त्यास धाडिलें. रात्रीं साडेआठाचा सुमार होता. पुलाच्या अलीकडील उतारावर भरलेल्या ट्रॉलीनें मागून रेटा दिला, मुलानें घाबरून ब्रेक दाबला. पण शेतांत वळण घेण्याकरितां दोन ब्रेकांस जोडणारी पट्टी काढून ठेविलेली होती, ती परत बसविलेली नव्हती. एकाच बाजूचा ब्रेक लागला, ट्रॅक्टर आडवा ओढला गेला, आणि समोरून सायकलीवर येणारा बत्तीस वर्षांचा एक मजूर यंत्र व पुलाचा कठडा यांच्यामध्यें सांपडला. तो जागींच मयत झाला. मुलाच्या अंगावर ओरखडाहि उठला नाहीं.

नोटीस बजावल्यावर तो शेतकरी कचेरींत आला. हातांत विम्याचा कागद होता. "भाऊसाहेब, विमा आहे. एक हप्ता चुकविला नाहीं. मग हें देणें माझ्या अंगावर कसें?" असें तो पुन्हां पुन्हां विचारीत होता. मला त्यास जें समजावून सांगावें लागलें तें येथें लिहितों, कारण वाहन बाळगणाऱ्या शेतकऱ्यांपैकीं फार थोड्यांस तें ठाऊक असतें. विमा हा करार आहे व त्यास अटी असतात. वाहन चालविणाऱ्याजवळ त्या वाहनाचा कायदेशीर परवाना असला पाहिजे ही त्यांतील एक मुख्य अट. मालकानें जाणून ती मोडली, तर न्यायाधिकरण बहुधा असा हुकूम करितें कीं कंपनीनें मयताच्या वारसांस रक्कम द्यावी व मागाहून ती मालकाकडून वसूल करून घ्यावी. वारसांच्या बाजूनें हें योग्यच आहे. विधवेनें व पोरांनीं मालकाच्या मागें किती वर्षें हिंडावें? परंतु मालकाच्या बाजूनें पाहतां त्याचा विमा असून नसल्यासारखा झाला. शेतीच्या कामापुरता विमा असलेल्या ट्रॅक्टरावर भाड्यानें दुसऱ्याच्या विटा वाहिल्या, किंवा ट्रॉलींत वऱ्हाड बसविलें, तरीहि हाच प्रसंग ओढवूं शकतो. पण तो विषय निराळा आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. शहाण्यासुरत्या बापास असें करण्याची बुद्धि कशी होते, याचा विचार केल्याखेरीज नुसता कायदा सांगून उपयोग नाहीं.

आमच्या लहानपणीं दहा-बारा वर्षांचा पोर बैलगाडी हांकीत बाजारास जाई, व त्याचें कोणास नवल वाटत नसे. बैलजोडी म्हणजे दोन जाणते जीव. गाडीवान डुलक्या घेऊं लागला तरी बैल वाट सोडीत नसत. पुढें खड्डा किंवा माणूस दिसला कीं आपण होऊन थबकत, आणि रात्रीं झोंपलेल्या धन्यास घराच्या दारांत आणून उभे करीत. पोर लहान असला तरी गाडींत तीन डोकीं असत व त्यांपैकीं दोन शहाणीं असत. शिवाय वेग ताशीं चार-पांच किलोमीटर. चूक झाली तर ती सुधारण्यास अवकाश मिळे. आमच्या पिढीनें हीच समजूत जशीच्या तशी ट्रॅक्टरास लावली. 'मी त्याच्या वयाचा असतांना गाडी हांकीत होतों,' हें वाक्य मीं किती बापांच्या तोंडून ऐकलें याची गणती नाहीं. परंतु ट्रॅक्टरास डोळे नाहींत. मागें आठ-दहा टन ऊंस असलेलें तें धूड आपण होऊन कोणासाठीं थबकत नाहीं. त्या गाडींत डोकें एकच, आणि तें सोळा वर्षांचें.

शेतांत ट्रॅक्टर चालवितां आला म्हणजे रस्त्यावरहि चालवितां येतो, हा भ्रम सर्वांत घातक आहे. शेतांत जमीन मऊ, चाल मंद, मागें अवजार मातींत रुतलेलें. हात चुकला तर फार तर एक तास वांकडा जातो. रस्त्यावर तेंच यंत्र निराळें वागतें. ट्रॅक्टरास मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. बांधाशीं आल्यावर एकाच बाजूचा ब्रेक दाबून जागच्या जागीं वळतां यावें म्हणून ही सोय केलेली आहे. रस्त्यास लागण्यापूर्वीं दोन्ही पेडलें पट्टीनें एकत्र जोडलीच पाहिजेत, नाहीं तर जी सोय शेतांत वळणास उपयोगी पडते तीच रस्त्यावर यंत्रास उलथून टाकते. किती ट्रॅक्टरांवर ही पट्टी गंजून अडकलेली किंवा मुळींच नाहींशी झालेली असते, तें वाचकांनीं आजच आपल्या गोठ्यापुढें जाऊन पहावें. कामाची वस्तु हातभर लांबसुद्धां नसते, आणि ती नाहीं म्हणून एक माणूस गेला.

ट्रॉलीस बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. सपाटीवर ट्रॅक्टर तिला ओढतो; उतारावर ती ट्रॅक्टरास ढकलते. डिझेल वांचविण्याकरितां उतारावर न्यूट्रल करण्याची खोड मोठ्या माणसांसहि आहे, व पोरें ती पाहून शिकतात. न्यूट्रल केल्याबरोबर इंजिनाचा आवर सुटतो, वेग वाढतो, आणि मग गियर टाकूं म्हटलें तरी पडत नाहीं. खालचा गियर उतार लागण्याच्या आधींच घातला पाहिजे. चढावर याच्या उलट भय असतें. ट्रॉलीचा हूक नेमलेल्या जागेहून उंच अडकविला, किंवा भरल्या ओझ्यावर क्लच एकदम सोडला, तर पुढचीं चाकें उचललीं जातात. आणि यंत्र मागें उलटून चालकाच्या अंगावर येण्यास एक-दीड सेकंद पुरे होतो. एवढ्या वेळांत उडी टाकणें कसलेल्या माणसासहि साधत नाहीं. हें सर्व ज्यास समजावून सांगितलेलें नाहीं, तो मुलगा कितीहि चपळ असला तरी चालक नव्हे. तो बसलेला असतो इतकेंच. मडगार्डवर मित्र बसवून, मोठ्यानें गाणीं लावून जाणाऱ्या पोरांविषयीं तर बोलावयासच नको. ट्रॅक्टरास आसन एक असतें, याचें कारण तेथें एकानेंच बसावयाचें असतें.

बापांकडून हें दोन कारणांनीं घडतें असें माझ्या पाहण्यांत आहे. पहिलें कारण खेप. हंगामांत ड्रायव्हर मिळत नाहीं, मिळाला तर रात्रपाळीनें थकलेला असतो, आणि गव्हाणीपुढची रांग कोणासाठीं थांबत नाहीं. हें कारण खरें आहे व त्यास हंसण्यासारखें कांहीं नाहीं. दुसरें कारण अभिमान. मुलगा नववींत असतांना ट्रॅक्टर मागें घेऊन गोठ्यांत लावतो, हें पाहुण्यांस दाखविण्यांत बापास जें समाधान वाटतें तें त्यानें परीक्षेंत मिळविलेल्या गुणांतहि वाटत नाहीं. ता. १९ मे २०२४ रोजीं पहाटे पुण्यास कल्याणीनगर भागांत एका मोटारीच्या धडकेनें दुचाकीवरील दोघे तरुण इंजिनियर ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप झाला, आणि तीनशें शब्दांचा निबंध लिहावा इत्यादि अटींवर त्यास प्रथम जामीन मिळाला म्हणून सर्व महाराष्ट्रांत संताप उसळला. आमच्या गांवच्या पारावरहि त्या दिवसांत तोच विषय होता. श्रीमंतांच्या पोरांस व त्यांच्या बापांस सर्वजण मनसोक्त नांवें ठेवीत होते. तेवढ्यांत पारापुढून चौदा वर्षांचा एक मुलगा रिकामी ट्रॉली खडखडवीत घेऊन गेला. बोलणें क्षणभर थांबलें, तेंहि आवाजामुळें. तो कोणाचा, हें सर्वांस ठाऊक होतें. बाप तेथेंच बसला होता.

मोटारसायकलीची गोष्ट याहून फार निराळी नाहीं. दहावी झाली कीं गाडी, असा आतां रिवाजच पडूं पाहत आहे. येथें एक हिशेब देतों. एका गुंठ्याची बाजू ३३ फूट, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत १० मीटर, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याची बाजू, ओलांडून जातें. वेग ७२ झाला कीं दोन गुंठ्यांची. पुढें अडथळा आहे हें डोळ्यांस दिसून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाचा एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याच्या आधींच तितकी जमीन मागें पडलेली असते. आणि ब्रेक लागल्यावर थांबण्यास जें अंतर लागतें तें वेग दुप्पट झाला असतां दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. आतां रात्रींची वेळ घ्या. उंसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेस पंक्चर होऊन उभी आहे. मागें दिवा नाहीं, रेडियमची पट्टी चिखलानें झांकलेली, आणि उंसाचे वाढे रस्त्यावर लोंबत आहेत. मोटारसायकलीच्या दिव्यांत ती दिसते तेव्हां मधें दोन गुंठ्यांचेंहि अंतर उरलेलें नसतें. एका शेतकऱ्याची ट्रॉली व दुसऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, असे हे अपघात असतात. आणि दोघेहि बहुधा एकाच कारखान्याचे सभासद असतात.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांत ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि बळी पडलेल्यांपैकीं शेंकडा ६६.५ हीं १८ ते ४५ या वयांतील होतीं. म्हणजे घराचा भार ज्यांनीं उचलावयाचा तींच. महाराष्ट्रांत त्या वर्षीं पंधरा हजारांहून अधिक माणसें रस्त्यावर गेलीं. हे आंकडे वाचून माणूस उसासा टाकतो व पान उलटतो, म्हणून मी त्यांवर अधिक लिहीत नाहीं. शिरस्त्राणाविषयीं एवढेंच, कीं तें कायद्याच्या कलम १२९ अन्वयें चालविणाऱ्यास व मागें बसणाऱ्यास दोघांसहि सक्तीचें आहे, आणि पोलिसांच्या नाक्यापुरतें डोक्यावर व एरवीं कोपरास अडकविलेलें शिरस्त्राण कोपराचेंच रक्षण करितें.

कायद्याची स्थिति आतां सांगतों. अठरा वर्षांखालील कोणीहि सार्वजनिक ठिकाणीं मोटार वाहन चालवूं नये, हा दंडक नवा नव्हे. तो १९३९ च्या कायद्यांतहि होता. सोळा वर्षांवरील मुलांस ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती सवलत आहे. पण आज घरोघर असणाऱ्या मोटारसायकली त्याच्या दुपटीच्या पुढच्या असल्यामुळें त्या सवलतीचा कोणास उपयोग नाहीं. ट्रॅक्टरास अशी कोणतीहि सवलत नाहीं. शेत आपलें खाजगी असतें ही गोष्ट खरी. परंतु शेतांतून निघून डांबरी ओलांडून पलीकडच्या गटांत जाणें म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर येणें होय, मग तें वीस पावलांचें कां असेना.

सन २०१९ मध्यें या कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिनें कलम १९९ अ घातलें. त्या वर्षाच्या सप्टेंबरपासून तें अंमलांत आहे, व प्रत्येक वाहनमालकानें तें समजून घ्यावें इतकें तें कडक आहे. अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक हाच दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द होते. आणि त्या मुलास वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. 'मला ठाऊक नव्हतें, त्यानें न विचारतां नेला,' ही सबब चालते काय? चालते, पण ती शाबीत करण्याचा भार पालकावर आहे. त्याच्या संमतीनेंच वाहन नेलें असें न्यायालय गृहीत धरून चालतें. किल्ली ज्या घरांत उघड्या खुंटीवर टांगलेली असते, तेथें ही सबब कशी शाबीत होणार, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

दंड व कैद यांहून नुकसानभरपाईचा आंकडा मोठा असतो, आणि तो कसा निघतो हें समजल्यावांचून त्याचें गांभीर्य कळत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००९ व २०१७ सालच्या निवाड्यांत त्याची पद्धति ठरवून दिली आहे. उदाहरणार्थ, मयत इसम बत्तीस वर्षांचा, मजुरी करणारा, महिन्याची कमाई १२,००० रुपये. मागें आई, बायको व दोन मुलें. चाळीस वर्षांखालील स्वतंत्र धंद्याच्या माणसाची कमाई पुढें वाढली असती म्हणून तींत शेंकडा ४० मिळवावयाचे: १६,८०० झाले. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा: राहिले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. बत्तीस वर्षांच्या वयास १६ नें गुणावयाचें: २४,१९,२०० रुपये. अंत्यविधीचा खर्च, कुटुंबियांच्या वियोगाबद्दलची रक्कम व व्याज हीं निराळीं. ज्याच्या कामाचें मोल आपण जिवंतपणीं दिवसास चारशें रुपये करितों, त्या माणसाची कायद्यानें केलेली ही किंमत आहे. आणि त्याच्या पोरांच्या तोंडाकडे पाहतां ती अधिक आहे असें म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं. आपल्या भागांतील जमिनीचा दर वाचकांस ठाऊक आहे. भागाकार त्यांनीं स्वतः करून पहावा.

यावर कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याच्या मुलानें यंत्र शिकूंच नये काय? शिकावें, आणि चांगलें शिकावें. शहरांतील मुलाहून त्यास त्याची गरज अधिक आहे. माझ्या ओळखीचे एक वयस्क बागायतदार आहेत, त्यांनीं आपल्या दोन मुलांस कसें शिकविलें तें मीं जवळून पाहिलें आहे. सोळा वर्षें पुरीं होईपर्यंत मुलांनीं ट्रॅक्टर धुवावयाचा, ग्रीस भरावयाचें, फिल्टर बदलावयाचा, मिस्त्री आला कीं त्याच्या शेजारीं बसावयाचें. पण चालू यंत्रावर बसावयाचें नाहीं. सोळा ते अठरा, स्वतःच्या गटाच्या बांधांच्या आंत, दिवसा, आणि बाप बांधावर उभा असतांना. अठरावें वर्ष पुरें होतांच तालुक्याच्या ठिकाणीं भरणाऱ्या आर. टी. ओ.च्या शिबिरास नेऊन आधीं शिकाऊ परवाना, व एक महिन्यानंतर चाचणी देऊन पक्का परवाना. येथें इतर बापांचें काम संपतें. यांचें संपत नसे. परवाना मिळाल्यावरहि पहिल्या हंगामांत रिकामी ट्रॉली, तीहि उजेडीं. दुसऱ्या हंगामांत भरलेली ट्रॉली, पण दिवेलागणीच्या आंत घरीं. रात्रींची खेप तिसऱ्या हंगामापासून. थोरला मुलगा पहिल्या वर्षीं फार कुरकुरला. मित्र हंसतात म्हणाला. बाप म्हणाले, "हंसूं दे. सरकारनें तुला परवाना दिला, रस्त्यानें अजून दिलेला नाहीं." किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्यास असे. ड्रायव्हर आजारी पडला तर ते शेजाऱ्याचा ड्रायव्हर दामदुप्पट देऊन आणीत, नाहीं तर खेप सोडून देत. एका हंगामांत अशा तीन खेपा त्यांनीं सोडल्या, व तीन ट्रॉल्यांचा ऊंस एक दिवस वाळला. त्याचा त्यांना किती तोटा झाला तो त्यांनीं वहींत मांडून ठेविला आहे. मागितला तर ते दाखवितातहि.

आपल्या संघानेंहि यांत थोडें करण्यासारखें आहे. गाळप सुरू होण्यापूर्वीं एक दिवस नेमून सभासदांच्या ट्रॉल्यांचे मागील दिवे, रेडियम व ब्रेकच्या पट्ट्या पाहाव्या, आणि हंगामापुरते दोन-तीन परवानाधारक ड्रायव्हर संघाच्या हाताशीं ठेवावे, म्हणजे ज्याचा माणूस आजारी पडेल त्यास घरच्या पोराकडे पहावें लागणार नाहीं. यास खर्च येईल. पण वर दाखविलेल्या गुणाकारापुढें तो कांहींच नाहीं. पंचायतीच्या सभेंतहि हा विषय निघावयास हरकत नाहीं, पण तेथें ठराव होतो व चहा होतो, असा माझा अनुभव आहे.

त्या शेतकऱ्याचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. लिलावाचा जाहीरनामा निघण्यापूर्वींच त्यानें रस्त्यालगतचा दीड एकराचा तुकडा, ज्यावर कालव्याचें पहिलें पाणी येई तो, विकून टाकिला व रक्कम भरली. खरेदीचा फेरफार व बोजा कमी केल्याचा फेरफार, दोहोंचेहि कागद माझ्या हातांखालून गेले. त्याच्यावरील फौजदारी खटला निराळा चालूच होता.

सन २०२५ मध्यें मी निवृत्त होण्याच्या आदल्या आठवड्यांत तो मुलगा कचेरींत आला. आतां तो बावीस वर्षांचा झाला आहे. परवाना मिळण्यास त्यास अजून तीन वर्षें होतीं. घरच्या ट्रॅक्टरावर पगारी ड्रायव्हर आहे, आणि शेतांत चालविण्यास कायद्याची आडकाठी नसतांहि हा त्यावर बसत नाहीं, असें त्याचा बाप मागें एकदां मला म्हणाला होता. मुलगा सायकलीवरून आला होता. "भाऊसाहेब, बोजा निघाला का तेवढें पहा," म्हणाला. मीं उतारा काढून दिला. 'इतर हक्क' हा रकाना त्यानें दोनदां वाचला. तेथें आतां सोसायटीच्या कर्जाखेरीज कांहीं नव्हतें. मग तो वरच्या क्षेत्राच्या आंकड्यापाशीं आला. तेथें पूर्वीं २ हेक्टर ३३ आर होतें, आतां १ हेक्टर ७२ आर आहे. तेथें त्यानें थोडा वेळ बोट ठेविलें, उताऱ्याची घडी करून सदऱ्याच्या खिशांत घातली, आणि सायकल घेऊन निघून गेला.